कमानपाट्याचं खुरपं

मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका हस्तकला प्रदर्शनासाठी आमच्या गावच्या लोहारमामांना बोलावणं आलं. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जंगलाच्या कडेचं. मामा मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच सहजतेनं बोलतात, पण पत्र इंग्रजीत होतं. म्हणून वाचून दाखवायला आणि पुढं फोनवर बोलायला मी. आयोजकांच्या अटी अशा होत्या: विजेचा ब्लोअर नको, चामड्याचा भाता हवा. दगडी कोळसा नको, लाकडी हवा. ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन आणायचं नाही. लोखंड 'मूळ' हवं, भंगारातलं नको. आणि अंगावर शक्यतो धोतर. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "भाता माळ्यावर हाय, पण चामडं फुटलंय. बाबा गेल्यापासनं कुणी हात लावला न्हाई," एवढंच म्हणाले. मग हातातली सांडशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "म्हंजे मी आता करतोय ते खोटं काय गा?"

मामा प्रदर्शनाला गेले नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तो एका प्रदर्शनापुरता नाही. सरकारी योजनेत लोहार कुणाला मानायचं, 'हातघडाई'चा शिक्का कुठल्या वस्तूवर मारायचा, शहरातल्या गिऱ्हाइकानं जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजायचे, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. आणि ते उत्तर आज बहुतेक अशी माणसं देताहेत, ज्यांनी कधी खुरपं पाजवायला नेलेलं नाही.

'मूळ लोखंड' ही अट आधी घेतो. एके काळी घाटाच्या अलीकडे-पलीकडे डोंगरातल्या खनिजापासून, जंगलातल्या कोळशावर लोखंड गाळलं जात होतं. टिपूच्या पाडावानंतर १८००-०१ मध्ये कंपनी सरकारनं फ्रान्सिस बुकाननला म्हैसूर, कानडा आणि मलबारात पाहणीला पाठवलं, तेव्हा त्यानं या भट्ट्यांची बारकाईनं नोंद केली. दक्षिणेत मुशीत घालून केलेलं पोलाद तर जगभर गेलं. पोलादाला कानडीत 'उक्कू' म्हणतात, आणि युरोपात गाजलेला 'वूट्झ' हा शब्द त्याचंच बिघडलेलं रूप मानला जातो. पण एकोणिसाव्या शतकात विलायती कारखान्यातलं स्वस्त लोखंड जहाजानं उतरू लागलं आणि या भट्ट्या एकामागून एक विझल्या. तेव्हापासून गावचा लोहार लोखंड गाळत नाही. तो ते व्यापाऱ्याकडून विकत घेतो. मामांच्या पणजोबांनी ज्या लोखंडाचे फाळ ठोकले, ते बहुधा सातासमुद्रापलीकडून आलेलं होतं. १८५६ मध्ये बेसेमरची पोलाद करायची पद्धत आली आणि पुढं पोलादच इतकं स्वस्त झालं, की जुन्या तऱ्हेचं तंतुमय घडीव लोखंड मागं पडलं. विलायतेत ते मोठ्या प्रमाणावर करणारा शेवटचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला. मग आमच्या मामांनी मूळ लोखंड आणायचं कुठून?

ते आणतात भंगारातून. पुणे-बेंगळूरु महामार्ग निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा आमच्या जिल्ह्यातून जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, त्यांचे कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, तुटतात आणि भंगारवाल्यांकडे जमा होतात. आमच्या भागातल्या लोहारांची खाण ती. अडचण म्हणून नव्हे, पारखून निवडलेला माल आहे तो. बाजारातल्या साध्या सळईत कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो. तिला कितीही तापवून पाण्यात घाला, ती कडक होत नाही. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, म्हणून पाटा पाणी धरतो. मामांना हे टक्के ठाऊक नाहीत. पण तुकडा ग्राइंडरला टेकवला की ठिणग्या कशा फुटतात, मोडल्यावर आतला दाणा कसा दिसतो, ऐरणीवर आपटल्यावर आवाज कसा येतो, एवढ्यावरून ते सळई आणि पाटा अंधारातसुद्धा वेगळा काढतील.

खुरपं होताना मी लहानपणापासून पाहत आलोय, आणि अजूनही दुकानाच्या उंबऱ्यावर बसलं की उठवत नाही. दुकान मुद्दाम अंधारं ठेवलेलं असतं, कारण उजेडात लोखंडाचा रंग फसवतो. पाटा नारंगी होईपर्यंत तापवायचा आणि घणाखाली घ्यायचा. लाली काळवंडू लागली की हात थांबलाच पाहिजे, नाहीतर आत बारीक चीर जाते, आणि ती त्या दिवशी दिसत नाही. दोन महिन्यांनी शेतात दिसते. आकार आला की पुन्हा सारखा लाल करायचा आणि नुसती धारेची बाजू पाण्यात धरायची. वरच्या अंगात ऊब शिल्लक असते. धार विटेवर घासून चकचकीत केली की ती ऊब हळूहळू खाली उतरताना डोळ्यांना दिसते: आधी गवती पिवळा रंग, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर सगळं खुरपं पाण्यात बुडवायचं, यात कारागिरी आहे. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक राहते पण दगडावर तुकडा उडतो. निळ्यावर गेलं तर ती मऊ पडते. आमच्याकडं माती जांभी, खडकाळ. म्हणून मामा जांभळ्याची वाट पाहतात. अथणीकडच्या काळ्या रानातलं गिऱ्हाईक असेल तर थोडे आधी थांबतात. हा सगळा खेळ काही क्षणांचा. त्या क्षणांत मामांना हाक मारली तर ते ओ देत नाहीत.

हवा भात्यानं घातली की ब्लोअरनं, हे त्या लोखंडाला कसं कळणार?

भात्याबद्दल मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. प्रदर्शनात त्याचा फोटो सुंदर येतो, हे मान्य. पण भाता कुणीतरी ओढावा लागतो. मामांच्या घरात तो त्यांची थोरली बहीण ओढायची. ती शाळेत गेली नाही. पहाटेपासून भट्टीच्या धुरात भात्याची दोरी हातात, हे तिचं बालपण. गावात वीज आल्यावर मामांच्या वडिलांनी पहिल्या वर्षी जे विकत घेतलं, तो पंखा होता, भट्टीसाठी. मामांच्या मुलींनी कधी भाता ओढला नाही, दोघी शिकल्या. चामड्याचा भाता हीच अस्सल परंपरा असं म्हणणाऱ्यानं त्या दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात द्यायचं, तेही सांगावं.

लाकडी कोळशाच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे. त्यात गंधक नसतं, त्यामुळं आच स्वच्छ, लोखंडाला बाधत नाही. जोड देताना हा फरक चांगलाच जाणवतो. मामाही ते मानतात. पण आमच्या जंगलातला कोळसा आता येणार कुठून? १८७८ च्या वन कायद्यापासून राखीव जंगलावरचा गावाचा हात आखडत गेला, आणि २०११ मध्ये खानापूर तालुक्यातच भीमगड अभयारण्य झालं. जंगल राहिलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग जंगल राखा म्हणणाऱ्या समाजानंच लोहाराकडं लाकडी कोळशाचा हट्ट धरू नये.

इतिहासात मागं गेलं तरी ही शुद्धता सापडत नाही. मराठ्यांच्या तलवारींचा आपल्याकडं केवढा अभिमान. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत त्या लखलखतात. पण सतराव्या शतकातल्या कितीतरी उत्तम मराठा तलवारींची पाती युरोपातली होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज बंदरांतून ती यायची, म्हणून तर त्या तलवारीला 'फिरंग' म्हणत. इथल्या कारागिरांनी तिला मूठ बसवली, तोल साधला, शिकलगारानं पाणीदार केली, आणि ती मराठ्यांची झाली. परक्या पात्यामुळं तिचा कमअस्सलपणा कुणाला जाणवला नाही. लढणाऱ्याच्या हातात ती कशी बसते, हे पाहणाऱ्याला पातं कुठलं हा प्रश्न दुय्यम होता. ट्रकच्या पाट्याला मात्र आपण नाक मुरडतो.

दुसरं उदाहरण बेळगावचंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथं सायकलींचं दुकान काढलं, पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी समजूत होती. अस्सल नांगर म्हणजे लाकडी, बापजाद्यांचा. हा लोखंडी म्हणजे बाटगा. १९१० मध्ये त्यांना बेळगाव सोडून औंध संस्थानात जावं लागलं, आणि तिथं माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हमरस्त्यावरच्या ढाब्यांसमोर रंग दिलेले जुने लोखंडी नांगर परंपरेची खूण म्हणून मांडलेले दिसतात. एका शतकात विषाची परंपरा झाली. म्हणून 'पूर्वी कसं करायचे' एवढ्याच कसोटीवर मला विसंबता येत नाही. तो 'पूर्वी' कुठून मोजायचा, हे सांगणाऱ्याच्या सोयीनं ठरतं.

मग वाटेल ते चालेल का? माझं म्हणणं तसं अजिबात नाही. खोटेपणा आहे, फक्त आपण तो चुकीच्या जागी शोधतोय.

बेळगाव हे ओतकामाचं गाव. उद्यमबागेतल्या फाउंड्रींमधून बिडाचे सुटे भाग देशभर जातात, आणि त्या कामाबद्दल मला आदरच आहे. बीड ओतायचं, लोखंड घडवायचं. दोन्ही वेगळ्या विद्या. ओतलेलं बीड घणाखाली घेतलं तर फुटतं. पण अलीकडं साच्यात ओतलेल्या वस्तूवर हातोडीच्या खुणांसारखे खळगे आधीच पाडलेले दिसतात आणि वर चिठ्ठी असते: 'हातानं घडवलेलं'. स्टेनलेसच्या पत्र्याची तलवार, मूठ वेल्डिंगनं चिकटवलेली, पाण्याचा पत्ता नाही, आणि ती 'ऐतिहासिक पद्धतीची' म्हणून विकली जाते. हा खोटेपणा, कारण इथं घेणाऱ्याला फसवलं जातं. घडीवला घडीव म्हणा, ओतीवला ओतीव म्हणा, यंत्रावर दाबून काढलेल्याला तसं म्हणा. कारागिराकडून यापलीकडं कुठल्याही शुद्धतेची मागणी करायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटत नाही.

यंत्रही कधी कधी खरोखर काम बिघडवतं. घाईघाईनं ग्राइंडरवर धार काढताना ती निळी पडली, की दिलेलं पाणी उतरलं. ते खुरपं दिसायला चकचकीत आणि कामाला मातेरं. मामांकडंही ग्राइंडर आहे. पण ते दोनदा टेकवतात आणि बोट लावून ऊब बघतात. पॉवर हॅमर त्यांच्याकडं नाही. परवडला असता तर घेतला असता, आणि मी त्यांच्याबरोबर आनंदानं गेलो असतो. पाणचक्कीवर आणि वाफेवर चालणारे घण जगात केव्हापासून आहेत. पन्नाशीनंतर ज्याचा खांदा रात्री झोपू देत नाही, त्याला हातानंच घण मार म्हणून सांगणं हे परंपरेचं प्रेम नाही.

आता माझी कसोटी सांगतो. माझी आई डावखुरी. भातकापणीचा विळा बाजारात मिळतो तो उजव्या हाताचा. धार एका अंगाला, दाते एका दिशेला कललेले. डाव्या हातानं तो चालवला तर कापत नाही, ओढतो, आणि धाट मुळासकट उपटून येतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्या सुगीत ती बायकांच्या ओळीत सारखी मागं पडायची. सासरी बोलायची चोरी. तिसऱ्या दिवशी मामांच्या वडिलांनी तिला बांधावरून पाहिलं आणि काही न विचारता उलट्या अंगाला धार, उलटे दाते असा विळा करून पाठवला. आई अजून ते सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. तो विळा आमच्या घरी आहे. चाळीस सुगींत पाजवून पाजवून त्याचं पातं निम्मं झालंय. मामांनी दोनदा त्याला नवं पोलाद जोडलंय, दुसऱ्यांदा वेल्डिंगनं.

माझ्या मते लोहारकाम इथं आहे. समोरच्या माणसाचा हात, त्याची माती, त्याची ताकद पाहून हत्यार करायचं, आणि ते झिजलं, वाकलं, मोडलं की परत घ्यायचं, पुन्हा भट्टीत घालायचं. कारखान्यातून दाबून निघालेलं खुरपं स्वस्त असतं आणि एक हंगाम चालतंही. त्याला मी वाईट म्हणत नाही. गरिबाला ते परवडतं. पण ते परत कुणाकडं न्यायचं? त्याचा करणारा कुणी नाही. मामांच्या खुरप्याला दुप्पट पैसे पडतात, त्यात पुढच्या दहा वर्षांची जबाबदारी असते. मृग जवळ आला की त्यांच्या दारात फाळ, कुळवाच्या पाशी, कुदळी, खुरपी यांचा ढीग लागतो. कुणाचं कुठलं हे चिठ्ठी न लावता त्यांना कळतं, कारण बहुतेकांची झीज त्यांनी याआधी पाहिलेली असते. ब्लोअर, पाटा, ग्राइंडर, वेल्डिंग असूनही हे नातं शाबूत आहे, म्हणून मामांचं काम अस्सल. भाता, धोतर आणि लाकडी कोळसा असूनही ज्या वस्तूला परत यायला दार नाही, ती देखाव्याची.

इथं कुळाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. लोहार, पांचाळ, घिसाडी, पलीकडं कानडीत कम्मार. बऱ्याच जणांना वाटतं की रक्तात असेल तोच खरा. बारा बलुतेदारांत लोहाराला खळ्यावर धान्य मिळायचं, हे आपण कौतुकानं सांगतो. मिळायचं ते किती आणि कुठं उभं राहून, हे मामांच्या वडिलांनी मला सांगितलंय, आणि त्यात कौतुकासारखं काही नव्हतं. काम सोडायची मुभा नसणं हाही त्या परंपरेचाच भाग होता. आज लोहारांची मुलं उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहेत, ती तिथं खूश असतील तर त्यांना परत ओढू नये. आणि निपाणीच्या वाटेवर मला एक वेल्डिंगवाला पोरगा माहीत आहे. त्याच्या घरात कुणी लोहार नव्हतं. मामांकडं दोन वर्षं येऊन तो पाणी द्यायला शिकला. शेतकरी आता त्याच्याकडं फाळ टाकून जातात आणि परत येतात. त्याला लोहार न म्हणण्याचं कारण मला सापडत नाही.

शब्दांचीही तीच गोष्ट. पोलाद फारसीतून आलं, अडकित्ता कानडीतून. आमच्या मामांच्या दुकानात विळ्याला कुणी कुडगोल म्हणतं, नांगराला नेगिल म्हणतं, आणि हत्यार तेच राहतं. आम्ही सीमाभागातली माणसं. आमची मराठी खरी का, आम्ही इकडचे की तिकडचे, हे १९५६ पासून आम्हाला विचारलं जातंय. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगावसह चार, असे आठ जिल्हे त्यात धरले गेले. कारण ज्या हातांनी ती शिवली ते हात दोन्हीकडं होते. कामावरून ओळख ठरवली तर वाद किती सोपा होतो, याचा तो पुरावा आहे.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, आणि पाच टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे, मामांनी अर्ज करावा म्हणून मीच मागं लागलो. पण तिची व्याख्या म्हणते: हातानं आणि अवजारांनी, कुटुंबात चालत आलेला पारंपरिक व्यवसाय करणारा. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. तिथल्या माणसानं भट्टीशेजारी ब्लोअर आणि वेल्डिंग मशीन पाहून 'हे तर फॅब्रिकेशन' म्हटलं तर मामा बाहेर. 'कुटुंबात चालत आलेला' या शब्दांवर अडून बसलं तर तो वेल्डिंगवाला पोरगा बाहेर. म्हणून पंचायतीनं कागद पाहण्याआधी गावातल्या दहा शेतकऱ्यांना विचारावं: तुमचं हत्यार मोडलं तर कुठं नेता? त्यांनी सांगितलेलं नाव लिहावं.

आणखी एक नियम मला खटकतो. लाभ कुटुंबातल्या एकालाच. पती, पत्नी आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब. बेळगावच्या वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं पडतात तिथं थांबून पाहा. पुरुष खाली बसून सांडशीत लोखंड धरतो, फिरवतो; समोर उभी राहून घण घालते ती बाई. पुष्कळदा लुगड्याचा काचा मारून, कधी पाळण्यातल्या पोरावर एक डोळा ठेवून. एक घाव चुकला तर नवऱ्याचा हात जाईल, इतका नेम. परंपरा परंपरा म्हणून आपण जे म्हणतो त्यात ही बाई पिढ्यानपिढ्या आहे, भात्यापेक्षाही ठळक, आणि अर्जावर मात्र नाव येतं एकाचंच, बहुतेकदा त्याचं. दोघांशिवाय तो घाव पडत नाही, तर नोंद दोघांची व्हायला हवी.

मामांचा अर्ज अजून पंचायतीत आहे. दरम्यान आईच्या विळ्याचा जोड पुन्हा सैल झालाय. या रविवारी तो घेऊन जायचं आहे. मामा म्हणालेत, पाट्याचा एक चांगला तुकडा बाजूला काढून ठेवलाय.